सिग्नलच्या गळ्यातली चिंधी

पळसखोरे, पोस्ट बोदवड, जि. जळगाव
ता. २ मे १९८९

चि. तोताराम,

अक्काचा जयभीम. धुळ्यात तुमचं सगळं बरं असेल असं धरून चालते. बरं नसलं की तुझं पत्र येतं, बरं असलं की येत नाही, एवढं मला पंचवीस वर्षांत कळलं आहे.

कागद लिहायचं कारण सिग्नल. तुझी विशाखा सात वर्षांची होती तेव्हा तुझ्या दाजींनी बोदवडच्या फाटकाजवळ रुळांतून उचलून आणलेलं ते पिल्लू. एक कान उभा, एक पडलेला, म्हणून गँगमन माणसानं नाव ठेवलं सिग्नल. आता त्याला चौदावं चाललंय. दात गेले, डोळ्यांवर सारा पडून दिसेनासं झालं, पांढरा रंग मळून राखेसारखा झाला. ओट्यावरच्या गोणपाटावर पडून असतो आणि मी आत भांडं जरी ठेवलं तरी उभा कान तिकडे वळवतो. दाजी जाऊन पाच वर्षं झाली. घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं तेवढंच एक आहे.

इथं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे, मतदान अठ्ठावीसला. आपल्या वस्तीची एक जागा राखीव. तिला माझा दीर देवचंद उभा आहे आणि सरपंचांनी त्याच्यासमोर वस्तीतलाच झिपरू उभा केला आहे. महिनाभर दोन्हीकडून वस्तीला भजी आणि शेव चालू आहे. बालवाडीत मी ज्यांची नाकं पुसली ते आता मला मत कुणाला द्यायचं ते शिकवायला येतात. येताना सिग्नललाही दोन भजी टाकतात. भजी मऊ, बिनदातांनी खाता येतात, त्यामुळे निवडणूक त्याला मानवली आहे.

पण गेल्या आठवड्यात खालच्या गल्लीत एक पिसाळलेलं कुत्रं दोन बायकांना चावलं. मतदानाच्या तोंडावर काहीतरी करून दाखवायला हवं म्हणून सरपंचांनी गावातली सगळी कुत्री मारायचं ठरवलं. पंचायतीचा शिपाई भटू डफडं वाजवत सांगून गेला, "पाळेल कुत्र्याच्या गयात रंगीत चिंधी बांधा. पौर्णिमा झाली का औषध टाकणार हाये. बिनचिंधीचं मेलं तं पंचायतीले विचारू नका."

मी चिंधी बांधली आहे. तरी जीव थाऱ्यावर नाही. मतदान होईपर्यंत, एक महिनाभर, सिग्नलला तुझ्याकडे देवपूरला ठेवशील का? मी स्वतः एस.टी.नं घेऊन येईन. कंडक्टरच्या पाया पडेन. तुला काही करावं लागणार नाही.

तुझी अक्का,
कुंदाबाई


देवपूर, धुळे
ता. ८ मे १९८९

ती. अक्कास,

तोतारामचा सविनय जयभीम. पत्र मिळालं. पहिलंच वाक्य वाचून तुझी वहिनी हसली आणि मला म्हणाली, बघा, ओळखून आहेत. तेव्हा आज सगळं बरं असताना लिहितो आहे, हे नोंदवून ठेव.

सिग्नलची आठवण आम्हालाही येते. मागे आलो होतो तेव्हा त्यानं माझी एक चप्पल नेली ती अजून सापडलेली नाही. पण अक्का, इथं आणायचं जमेल असं वाटत नाही. दोन खोल्यांत आम्ही चौघं. घरमालकीण झुंबरबाई तुला माहीत आहे, तोंडानं किती फटकळ. तिचं स्पष्ट म्हणणं, "मना घरमा कुत्रं चालत नही, सांगी देस." आता भाडेकरूनं काय बोलायचं? शिवाय उन्हाळा इतका आहे की पांझरेच्या पात्रात पाण्याऐवजी क्रिकेट चालू आहे. म्हातारं जनावर प्रवासातच जायचं.

गावात सगळे ओळखीचे आहेत, चिंधी बांधलीस म्हणजे काही होणार नाही. भटू तर तुझ्या हातचं खाऊन मोठा झालेला माणूस. उगाच काळजी करू नकोस.

देवचंदभाऊ परवा कामानिमित्त धुळ्याला आले होते, घरी चहा घेऊन गेले. चांगला माणूस. निवडून यायला हवा.

तुझा,
तोताराम


पळसखोरे
ता. १२ मे १९८९

चि. तोताराम,

तुझं पत्र आलं. झुंबरबाईला माझा नमस्कार सांग.

इथं वेगळंच होऊन बसलं आहे. तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाण्याआधी मीच लिहिते.

मी सिग्नलच्या गळ्यात जी चिंधी बांधली ती निळी. माझ्या जुन्या निळ्या लुगड्याच्या काठाची पट्टी. पेटीत वर तीच होती आणि मनात म्हटलं, आपला रंग आहे, राखील. एवढा साधा विचार. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग देवचंदच्या प्रचाराचा टेम्पो वस्तीत आला, त्याला निळे झेंडे लावलेले. टेम्पोपुढे सिग्नल आडवा पडलेला, त्याला दिसत नाही की ऐकूनही उठवत नाही. झिपरूच्या माणसांनी तेवढ्यात हाळी दिली, "बघा रे, देवचंदचा प्रचारक." सगळी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की देवचंदच्या भावजयीनं निळा झेंडा कुत्र्याच्या गळ्यात बांधला.

झेंडा कुठला रे? लुगड्याचा काठ. पण आता ते ऐकणारं कोण?

काल देवचंद चार माणसं घेऊन आला. ओट्यावर बसला नाही. म्हणाला, "वयनी, आख्ख्या समाजाची मान खाली घातली तुम्ही. ज्या रंगासाठी माणसं मेली तो रंग तुम्ही कुत्र्याच्या गयात बांधता?" मी म्हटलं, भाऊजी, त्या रंगानं माणसं वाचली, तसं कुत्रंही वाचेल असं मला वाटलं. यावर त्याच्या बरोबरचा एकजण सिग्नलला लाथ मारून गेला. देवचंदनं बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली.

मी चिंधी सोडलेली नाही. पाण्याच्या नळावर बायका मला जागा देत नाहीत. बेबाबाई, जिची दोन बाळंतपणं मी रात्र रात्र बसून निभावली, तिनं काल माझी कळशी बाजूला सारली. मला राग येतो आणि मग त्या रागाची लाज वाटते, कारण त्यांचंही चुकलं असं धड म्हणता येत नाही. त्या रंगासाठी काय काय सोसलंय ते मलाही ठाऊक आहे. माझा बाप आणि तुझा बाप एकच होता.

दुसरा रंग बांधावा तर कोणता? पिवळा सरपंचांच्या पॅनलचा, तो बांधला तर मी फुटले. भगवा बांधला तर वरच्या गल्लीतून जाता यायचं नाही, हिरवा बांधला तर मशिदीच्या बाजूनं. लाल होता, तर परवा त्याचीही एक पार्टी उभी राहिली. या गावात कुत्र्याला घालण्यासारखा रंग उरलेला नाही.

तू सांग, काय करू?

अक्का


देवपूर, धुळे
ता. १५ मे १९८९

ती. अक्का,

तुझं पत्र आजच मिळालं, आजच उत्तर टाकतो आहे, यावरून समजून घे.

चिंधी सोड. लगेच सोड. मी तुझ्यापेक्षा लहान, तुला शिकवावं असा नाही, पण यावेळी ऐक. देवचंदभाऊंनी तुला दाजींच्या मागं घरातून काढलं नाही, ओट्यासह खोली तुझ्या नावानं राहू दिली. अशा माणसाला ऐन निवडणुकीत तुझ्यामुळे खाली बघावं लागतंय. सरपंचाला तेच हवं आहे. आपलीच मतं फुटतील आणि राखीव जागेवरही त्यांचाच माणूस बसेल. मग पुन्हा पाच वर्षं वस्तीच्या नळाला धड पाणी नाही. एका कुत्र्यासाठी?

बुद्धपौर्णिमेला विहारात सगळी वस्ती जमेल. तिथं चार शब्दांत दिलगिरी व्यक्त कर. तू बालवाडीची बाई, तुझ्या शब्दाला मान आहे. देवचंदभाऊंची तेवढीच अपेक्षा आहे असं मला वाटतं. मोठेपणा घे.

कुत्र्याचं काय, त्याला घरात बांधून ठेव. दोन दिवसांचा प्रश्न आहे.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. हे मागतो आहे.

तुझा,
तोता


(पोस्टकार्ड)

पळसखोरे, ता. १८ मे

चि. तोता,

चिंधी सोडली. देवचंदनं स्वतः ती हातात मागून घेतली, घडी करून खिशात ठेवली. परवा विहारात बोलेन.

सिग्नलला घरात बांधून बघितलं. तो घरात लघवी करत नाही, चौदा वर्षांची सवय. रात्रभर दाराशी रडला, शेवटी मीच रडकुंडीला येऊन दार उघडलं. तेव्हा जुन्या पांढऱ्या साडीची पट्टी फाडून त्याच्या गळ्यात बांधली आहे. पांढरा अजून कुणी घेतलेला नाही. भटूला दाखवली. म्हणाला, "चालीन मावशे, मी वयखतो ना सिग्नलले."

तू मागितलंस म्हणून हे केलं. एरवी केलं नसतं.

अक्का


देवपूर, धुळे
ता. २२ मे १९८९

ती. अक्का,

काल माझ्यावरचं ओझं उतरलं. देवचंदभाऊंचा माणूस घरी येऊन निरोप देऊन गेला की पौर्णिमेला विहारात तू इतकं छान बोललीस की बायका रडल्या, बेबाबाई तुझ्या गळ्यात पडली. मला माहीतच होतं.

आता तुला एक सांगायचं राहिलं होतं ते सांगतो. रागावू नकोस. देवचंदभाऊ इथं आले होते ते विशाखाला बघायला. त्यांचा थोरला भुसावळला रेल्वेत चिकटलेला आहे, तुला ठाऊकच. एकवीस वर्षांची पोर, सावळी, दोन ठिकाणांहून नकार आलेला. तुझी वहिनी रोज रात्री माझ्याकडे बघत बसते. भाऊ जवळजवळ हो म्हणाले होते. मग चिंधीचं प्रकरण झालं आणि त्यांनी निरोप धाडला, अक्कांना आधी समजवा, मग सोयरिकीचं बघू. म्हणून मी तुला तसं खडसावून लिहिलं. कारण लिहिलं नाही, कारण मला लाज वाटली. काल त्याच माणसाबरोबर त्यांनी होकार कळवला. पुढच्या महिन्यात साखरपुडा.

आणखी एक. झुंबरबाईला मी विचारलंच नव्हतं. ते वाक्य मी माझ्या मनानं लिहिलं. काल पेढे द्यायला गेलो तेव्हा सहज विषय काढला, तर घेऊन याच म्हणते, "लई या ना भाऊ. म्हातारं कुत्रं शे, कितलं खाई?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा मतदान झालं की मी स्वतः येतो आणि सिग्नलला आणतो. तूही चल. दोघं इथंच रहा, खोल्या दोन असल्या म्हणून काय झालं. तोवर त्याला जप.

तुझा,
तोता


पळसखोरे
ता. ३० मे १९८९

चि. तोताराम,

तुझं २२ तारखेचं पत्र मला गुरुवारी मिळालं. तुझ्याकडे निरोप घेऊन आलेल्या माणसानं अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली मी सांगते. आधी लिहिणार होते, पण हातून अक्षर निघेना.

पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी मी पांढरी साडी नेसून विहारात गेले. सिग्नल ओट्यावर गोणपाटावर होता. त्याला बांधला नाही, कारण तो उठून चार पावलंही जात नव्हता, आणि भटूनं सांगितलं होतं की औषध दुसऱ्या दिवशी पहाटे टाकायचं. वंदना झाली. मग देवचंदनं माझं नाव पुकारलं. मी बोलले. बरं बोलले असेन, बायका रडल्या हे खरं आहे. बेबाबाई गळ्यात पडली तेही खरं. मलासुद्धा मोकळं वाटलं, ते तुझ्यापासून कशाला लपवू? आठ दिवस कुणी माझ्याशी बोललं नव्हतं आणि त्या संध्याकाळी सगळी वस्ती माझ्याशी बोलत होती. मी आणखी अर्धा तास तिथं रेंगाळले. खीर वाढू लागले.

तेवढ्या वेळात औषध टाकलं. सरपंचांनी भटूला सांगितलं, वस्ती सगळी विहारात आहे, गल्ल्या मोकळ्या आहेत, कुणी आडवं यायचं नाही, आत्ताच उरकून घे. औषध भज्यांत घातलं होतं. प्रचाराची उरलेली भजी.

मी आले तेव्हा तो ओट्याखाली होता. पाय ताणलेले, तोंडाला फेस. जीव होता. मी मीठपाणी पाजलं, तूप पाजलं, शेजारच्या सुंदरबाईकडून ताक आणलं. त्याचं अंग लाकडासारखं ताठ व्हायचं, मग सैल पडायचं, मग पुन्हा ताठ. मी बोलत राहिले आणि तो उभा कान माझ्याकडे वळवत राहिला. तासभर लागला त्याला. महिनाभर लोक भजी टाकत होते, तो शेपटी हलवत खात होता. ही भजीही त्यानं शेपटी हलवूनच खाल्ली असतील.

भटू रात्रीच आला. दाराबाहेर उकिडवा बसला आणि रडला. "मावशे, मले चिंधी दिसलीच न्हई. अंधार पडेल व्हता. पांढऱ्यावर पांढरं." तो खरं बोलत होता. निळं असतं तर दिसलं असतं.

मला वाटलं, सकाळी शेताच्या बांधाला खड्डा खणून त्याला ठेवीन. पण सकाळी सातलाच देवचंद आला. बरोबर पन्नास माणसं आणि एक हातगाडी. म्हणाला, "वयनी, हे साधं मरण न्हई. एका विधवेचं राखेल कुत्रं सरपंचानं मारलं. आपल्या वस्तीवर हात टाकला." त्यानं सिग्नलला हातगाडीवर ठेवलं, हार घातला. मग खिशातून ती निळी पट्टी काढली, घडी मोडली, आणि सिग्नलच्या गळ्यात बांधली. त्यानंच, तोता. त्याच हातांनी. दहा दिवसांपूर्वी ज्यानं लाथ घातली तो हातगाडी ढकलत होता.

मी म्हटलं, भाऊजी, आता कुणाची मान खाली जात नाही का? तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "वयनी, आता गोष्ट येगळी हाये." आणि मला हातगाडीपुढे चालायला सांगितलं. मी चालले. सगळं गाव फिरवलं त्याला, उन्हातून, घोषणा देत. पंचायतीसमोर दोन तास ठेवला. माश्या बसायला लागल्या, तशी मी पदरानं वारा घालत उभी राहिले. लोकांना ते फार आवडलं. दुपारनंतर कार्यकर्ते भाषणाच्या गडबडीत निघून गेले. मग मी आणि भटूनं मिळून त्याला पुरलं.

झिपरूकडची निम्मी घरं त्या दिवशी इकडे आली. काल मोजणी झाली. देवचंद एकवीस मतांनी निवडून आला.

मिरवणूक माझ्या दारावर थांबवली. देवचंदनं सगळ्यांसमोर सांगितलं की हा विजय माझ्या वयनीच्या आसवांचा आहे. हार माझ्या हातात दिला आणि मान पुढे केली. सगळे थांबले होते. तोता, तुझं पत्र तेव्हा माझ्या कमरेला खोचलेलं होतं. मला तो हार गटारात टाकायचा होता. मला देवचंदच्या तोंडावर सांगायचं होतं की माझं कुत्रं सरपंचानं मारलं नाही, आपण तिघांनी मिळून मारलं. भाऊजी, तुम्ही चिंधी मागितलीत, माझ्या भावानं ती सोडायला लावली, आणि मी सोडली. सगळं ओठांवर आलं होतं. मग मला विशाखाची आई दिसली, रात्री तुझ्याकडे बघत बसलेली.

मी हार घातला. हसलेसुद्धा. फोटो काढलाय, साखरपुड्याला दाखवतील.

विशाखाच्या साखरपुड्याला मी येईन, लग्नातही उभी राहीन, तिला काही कळू देणार नाहीस असं वचन दे. पोरीचा यात काही दोष नाही आणि मुलगाही चांगला आहे. तुझ्याकडे राहायला मात्र येणार नाही. राग म्हणून नाही. राग होता, तो चार दिवसांत ओसरला, माझा राग टिकत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

एकच सांगते. आता माझ्याकडे काही मागू नकोस. तू मागितलंस की मी देते, आणि आता मला त्याचीच भीती वाटते.

वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

अक्का